दोन किलोवॅटखालच्या न्हाणीलाही आरसीसीबी हवा : एक खुले पत्र

प्रति,
ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन,
मराठवाड्यातील विद्युत निरीक्षक,
वीज वितरण कंपनीचे या भागातील अधिकारी,
आणि आठही जिल्ह्यांतील महापालिका-नगरपालिकांचे नगररचना अधिकारी यांस,

महोदय, महोदया,

आम्ही मराठवाड्यात घरगुती वायरिंगची कामे करणारे परवानाधारक वायरमन, पर्यवेक्षक आणि ठेकेदार आहोत. नवीन जोडणीच्या चाचणी अहवालावर सही आमची असते. न्हाणीत कुणाला शॉक लागला तर तो बोर्ड उघडून पाहण्याची वेळही आमच्यावरच येते. म्हणून या विषयावर गप्प बसणे आम्हाला आता शक्य नाही.

थंडी सुरू झाली की सूचना निघतात : ओल्या हाताने बटण लावू नका, हीटर चालू असताना पाण्यात हात घालू नका. सूचना बरोबरच आहेत, पण सगळा भार त्या अंघोळ करणाऱ्या माणसावर टाकतात. न्हाणीत माणूस ओला, अनवाणी आणि ओल्या फरशीवर उभा असणारच. तिथे चूक होणार हे गृहीत धरूनच वायरिंग करायचे असते. वायरिंगच्या नियमांची अंमलबजावणी, तपासणी, बांधकाम परवाना आणि वीजजोडणी या चारही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

आमचा सगळ्यात मोठा आक्षेप एका सवलतीवर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसलेल्या गळतीवर (तारांबाहेर निसटणाऱ्या करंटवर) वीज तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, बंधनकारक आहे. मात्र 2 किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या एकफेजी जोडण्या त्यातून वगळल्या आहेत. आता मराठवाड्यात ही वगळलेली घरे कोणाची, ते पाहा. घरकुल योजनेतले 25 चौरस मीटरचे घर, वस्तीवरच्या दोन खोल्या, तांड्यावरचे घर, शहरातली भाड्याची खोली. मंजूर भार अर्धा किंवा एक किलोवॅट. या घरांत गिझर नसतो, बादलीत सोडायचा रॉड असतो, आणि न्हाणीत वापरायच्या वस्तूंत त्याच्याइतके धोकादायक दुसरे काही नाही. ज्या घरात 25 लिटरचा गिझर, वॉशिंग मशीन आणि एसी आहे, त्याला कायद्याने संरक्षण. ज्या घरात उघडा रॉड आहे, त्याला नाही. आम्हाला मान्य नाही ते हे.

यावर नेहमीचे उत्तर येते की त्या घरांत एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की पडणारी कळ, तर असतेच. एमसीबी माणसासाठी नसते, वायरसाठी असते. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला तर 230 व्होल्टला शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर करंट जातो. 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. त्याच्या तिप्पट-चौपट करंट काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. 16 अँपिअरच्या एमसीबीला मात्र हे 230 मिलिअँपिअर जाणवतसुद्धा नाहीत, कारण तिची क्षमता त्याच्या जवळपास 70 पट आहे. माणूस चिकटून राहतो आणि घरातला दिवा चालूच राहतो. 30 मिलिअँपिअरचा चांगला आरसीसीबी एवढ्या गळतीला 40 मिलिसेकंदांच्या आत तुटतो. झटका बसतो, पण माणूस सुटतो.

दुसरे उत्तर असते, ‘अर्थिंग चांगले ठेवा’. अर्थिंग हवेच. पण या भागातली जमीन काय आहे, याचा विचार इथे कोणी करत नाही. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, वर काळी माती. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा दोन-तीन वर्षे पाण्याविना राहिला की त्याचा रोध वाढत जातो. जिथे प्यायचे पाणी टँकरने येते तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात कोण पाणी ओतणार?

साधा हिशेब मांडतो. 16 अँपिअरची बी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला 80 अँपिअर लागतात, म्हणजे बिघाडाच्या पूर्ण वाटेचा रोध 3 ओहमच्या आत हवा. सी प्रकारच्या एमसीबीला तो दीड ओहमच्याही आत लागतो. घरगुती खड्ड्याचा रोध 20 ओहम असेल तर गिझरची फेज बॉडीला पूर्ण टेकली तरी साडेअकरा अँपिअरच्या वर करंट जात नाही. एमसीबी पडत नाही आणि गिझरची बॉडी, नळ, कधी पाणीसुद्धा जवळजवळ 230 व्होल्टवर राहते. त्याच 20 ओहमच्या अर्थिंगला आरसीसीबीची जोड दिली तर 30 मिलिअँपिअर गळतीला बॉडीवर जेमतेम 0.6 व्होल्ट येतात आणि वीज तुटते. अर्थिंग 200 ओहमपर्यंत बिघडले तरी 6 व्होल्ट. म्हणजे कोरड्या मराठवाड्याला आरसीसीबीची गरज कोकणापेक्षाही जास्त आहे. अर्थिंग अजिबात नसेल तरी तो माणसातून करंट जाऊ लागताच तुटतो. ‘अर्थिंग नाही म्हणून आरसीसीबी नको’ हे जे साइटवर सांगितले जाते, ते पूर्ण उलटे आहे.

आणि अर्थिंगची जबाबदारी फक्त ग्राहकाची नाही. वीजपुरवठा जिथे सुरू होतो तिथे ग्राहकाच्या वापरासाठी योग्य अर्थ टर्मिनल देणे आणि ते सुस्थितीत ठेवणे हे त्याच विनियमांनी पुरवठादाराचे काम ठरवले आहे. खेड्यातल्या किती मीटरजवळ असे टर्मिनल दिसते, ते तुमच्या अधिकाऱ्यांनी एकदा फिरून पाहावे. ते नसते, म्हणून मग बोर्डातच न्यूट्रलची तार तिसऱ्या पिनला जोडली जाते.

या जोडणीवर थोडे थांबावे लागेल, कारण ती बाहेरून दिसत नाही. तिसरी पिन न्यूट्रलला जोडली की टेस्टर काही दाखवत नाही, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टरही ‘सगळे ठीक’ म्हणतो. पण खांबावर किंवा सर्व्हिस वायरमध्ये न्यूट्रल सुटला, की घरातल्या एखाद्या चालू बल्बमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि तिथून थेट गिझरच्या बॉडीवर. गिझरचे बटण बंद असले तरी. लाइनच्या दुरुस्तीनंतर खांबावर फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तर बल्बचीही गरज नाही, बॉडी सरळ फेजवर. शिवाय अशी जोडणी आरसीसीबीच्या पुढच्या, म्हणजे घराकडच्या, बाजूला असेल तर गिझरमधल्या पाणी तापवणाऱ्या एलिमेंटची गळती न्यूट्रलमधूनच परत जाते आणि फेज-न्यूट्रलच्या करंटमधला फरक ओळखणाऱ्या आरसीसीबीला काहीच कळत नाही. हे तपासायला पाच मिनिटे लागतात : दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करा, सगळे प्लग काढा, मल्टिमीटर सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांत लावा. शून्याजवळ रोध दिसला तर आत जोड आहे. आज चाचणी अहवालात ही तपासणी कोणी मागत नाही.

आता बोर्डाच्या जागेबद्दल. आंतरराष्ट्रीय प्रमाण आयईसी 60364 च्या 701 व्या विभागात न्हाणीचे भाग पाडलेले आहेत. टब नसलेल्या, म्हणजे आपल्याकडच्या न्हाणीत, शॉवर किंवा पाण्याच्या पक्क्या तोटीपासून 1.2 मीटरपर्यंत आणि जमिनीपासून 2.25 मीटर उंचीपर्यंतचा भाग पाण्याचा धरतात. त्यात सॉकेट किंवा साधे बटण चालत नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीचे किमान माप 1.5 बाय 1.2 मीटर आहे. आखूड भिंतीच्या मध्यावर शॉवर लावला तर 1.2 मीटर संपल्यावर समोरच्या बाजूला फूटभर पट्टी उरते, आणि तिथे बहुधा दारच असते. म्हणजे आपल्या साध्या न्हाणीत साडेसात फुटांच्या खाली सॉकेटला समंजस जागाच नाही. तरीही नवीन इमारतींत आरशाशेजारी पाच पिनचे सॉकेट, त्याखाली तोटी आणि त्याखाली वॉशिंग मशीनसाठी 16 अँपिअरचा पॉइंट सर्रास दिला जातो. नकाशा मंजूर होताना बोर्ड कुठे आहे, हे विचारलेच जात नाही.

बरोबर पद्धत अवघड नाही. दिवा, एक्झॉस्ट आणि गिझर यांची सगळी बटणे दाराबाहेर. गिझरसाठी 20 अँपिअरचा डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, स्विच, लाल दिव्यासह. फक्त फेज तोडणारे बटण पुरत नाही, कारण फेज-न्यूट्रल उलटे झाले तर बटण बंद असूनही एलिमेंट फेजवर राहते. गिझर साडेसात फुटांच्या वर टांगावा आणि त्याचा सॉकेट त्याच उंचीवर, शॉवरच्या फवाऱ्याबाहेर द्यावा, किंवा सॉकेट न देता वायर थेट बंद कनेक्टर बॉक्समध्ये जोडावी. 2 किलोवॅटच्या गिझरला सुमारे 9 अँपिअर लागतात, त्याला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर. 3 किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरला 13 अँपिअर, तिथे आम्ही 4 चौरस मिलिमीटरचा आग्रह धरतो. दिवा बंद काचेचा, पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स 4 दर्जाचा. लोंबता होल्डर न्हाणीत नकोच.

बोअरच्या पाण्यामुळे इथे आणखी एक गोष्ट घडते. पाण्यातले क्षार एलिमेंटवर साचतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही, एलिमेंटचे आवरण तापून चिरते आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी शिरते. गळती हळूहळू वाढते. आधी नळाला मुंग्या येतात, मग झटका. मुंग्या आल्या की लोक चप्पल घालून अंघोळ करतात, पण गिझर बंद करत नाहीत. खरे तर त्याच दिवशी प्लग काढून एलिमेंट आणि बॉडी यांच्यात 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, लावायला हवा. 1 मेगओहमच्या खाली आकडा आला तर एलिमेंट बदलायचे. सोलर हीटरच्या गच्चीवरच्या टाकीत जो बॅकअप एलिमेंट असतो, त्याचीही गत हीच होते, पण त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

गावातल्या पत्र्याच्या न्हाणीबद्दल तर कोणत्याही पत्रकात एक ओळ नाही. घरातून ओढलेली वायर पत्र्याच्या भोकातून आत येते, पत्र्याची धार वाऱ्याने हलून इन्सुलेशन कापते आणि सगळा पत्रा फेजवर येतो. पत्रा लाकडी बल्ल्यांवर उभा, जमिनीशी नीट जोड नाही, त्यामुळे ना फ्यूज उडत ना एमसीबी पडत. ओल्या पायाने पत्र्याच्या दाराला हात लावणारा माणूसच जमिनीकडची वाट होतो. त्याच पत्र्याला बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तार असेल तर करंट अंगणभर पोचतो. उपाय स्वस्त आहे : वायर पीव्हीसी पाइपातून न्यायची, पत्र्याच्या भोकात रबरी बूच, कपड्यांसाठी नायलॉनची दोरी, आणि मुळाशी आरसीसीबी.

रॉडचेही तेच. 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, तरी तो 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावला जातो. पिन तापते, सॉकेट काळा पडतो, मग पिन काढून उघड्या तारा काडीने खोचल्या जातात. आठवडी बाजारात दोन पिनचे, अर्थची तार नसलेले, आयएसआय खुणेविना रॉड उघड्यावर विकले जातात. अशा रॉडसाठी, म्हणजे इमर्शन हीटरसाठी, आयएस 368 हे भारतीय मानक आहे. ते दुकानात दिसायला हवे. प्लास्टिकच्या बादलीने धोका टळतो, हाही गैरसमज. बादली प्लास्टिकची असली तरी पाणी फेजवर असू शकते आणि हात पाण्यातच जातो. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात, हा क्रम प्रत्येक रॉडच्या खोक्यावर मराठीत छापलेला हवा.

ज्या घरांत आरसीसीबी बसवलेला असतो तिथेही तो अनेकदा निकामी केलेला आढळतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा इन्व्हर्टर असते. इन्व्हर्टरवरच्या सर्किटचा न्यूट्रल आणि मेनवरचा न्यूट्रल एकाच पट्टीवर आले की करंट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परततो, आरसीसीबीला ती गळती वाटते आणि तो सारखा पडतो. न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस लागतो, आरसीसीबीला बायपास करायला दोन मिनिटे. घरमालकाला दुसरा उपाय आवडतो. काही ठिकाणी 30 काढून 300 मिलिअँपिअरचा बसवतात. तो आगीपासून राखतो, माणसाला वाचवत नाही. शिवाय मेनवरचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या न्हाणीच्या दिव्याला कसलेच संरक्षण नसते. त्या बाजूला वेगळा आरसीसीबी लागतो.

आमच्या मागण्या या :

1. 2 किलोवॅटखालच्या प्रत्येक नवीन घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअरचा, आयएस 12640 प्रमाणित आरसीसीबी द्यावा. विनियम केंद्राचे आहेत, हे आम्हाला माहीत आहे. सवलत काढण्याची शिफारस राज्याने केंद्रीय प्राधिकरणाकडे करावी, पण तोवर थांबू नये. घरकुलांच्या अंदाजपत्रकात तो धरावा आणि खर्च लाभार्थ्याच्या माथी मारू नये. दोन पोलचा आरसीसीबी दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास येतो.

2. वितरण कंपनीने प्रत्येक मीटरजवळ अर्थ टर्मिनल द्यावे, त्याचा रोध मोजून मीटरच्या पेटीवर आकडा आणि तारीख लिहावी. मोजणी एप्रिल-मेमध्ये व्हावी. पावसाळ्यातला आकडा इथल्या जमिनीबद्दल काहीच सांगत नाही.

3. चाचणी अहवालाचा नमुना बदलावा. इन्सुलेशनच्या रोधाबरोबर अर्थचा रोध, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला तो यंत्राने मोजलेला आकडा, न्यूट्रल-अर्थ जोड नसल्याची तपासणी, आणि न्हाणीतील बटणे-सॉकेटांची जागा, एवढे रकाने त्यात असावेत. उघड्या बोर्डाचा फोटो जोडल्याशिवाय मीटर देऊ नये. न पाहिलेल्या घराच्या अहवालावर सही करणाऱ्याचा परवाना निलंबित करावा, तो आमच्यातला असला तरी.

4. नगररचना विभागाने मंजुरीच्या नकाशात न्हाणीचे विद्युत बिंदू दाखवणे सक्तीचे करावे आणि न्हाणीत 2.25 मीटरखाली सॉकेट दिसला तर भोगवटा प्रमाणपत्र रोखावे.

5. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे शिकवण्यांसाठी आलेल्या मुलामुलींची खासगी वसतिगृहे आणि शासकीय वसतिगृहे यांची तपासणी दरवर्षी दिवाळीच्या आधी करावी. एका मजल्यावर आठ-दहा रॉड एकाच वायरवर चालतात, तिथे वायर तापते आणि आरसीसीबी नसतो. जिथे गरम पाण्याची सोय नाही तिथे रॉड बंदीची पाटी लावून काही होत नाही. मुले लपून लावतात, आणि लपून लावलेला रॉड जास्त धोक्याचा.

6. भारतीय मानक ब्युरोशी मिळून आठवडी बाजारातील खुणेविना रॉड आणि दोन पिनचे प्लग जप्त करावेत. ऑक्टोबरमध्येच, कारण डिसेंबरपर्यंत ते घराघरांत गेलेले असतात.

7. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 खाली अपघातांची चौकशी होते. त्या चौकशांचे निष्कर्ष, नावे वगळून, जिल्हावार दरवर्षी जाहीर करावेत : गळती कुठून झाली, आरसीसीबी होता का, अर्थचा रोध किती होता. कारण कळल्याशिवाय आम्ही वायरमन मंडळी काय दुरुस्त करणार?

लोकांनाही एक काम आजच करता येईल. घरातल्या आरसीसीबीवर 0.03 ए किंवा 30 एमए असे छापले आहे का, ते पाहा, आणि त्यावरचे ‘टी’ बटण दाबा. वीज ताबडतोब गेली पाहिजे. नाही गेली तर तो बदला. हे महिन्यातून एकदा. या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही, त्यासाठी जाणकाराकडून ती मोजून घ्या.

वरीलपैकी तिसऱ्या मागणीसाठी नवा कायदा किंवा निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरते. नव्या अहवालाचा मसुदा करायला आम्ही विनामोबदला बसू. या हिवाळ्याआधी त्यावर लेखी उत्तर द्यावे.

आपले,
मराठवाड्यातील परवानाधारक वायरमन, पर्यवेक्षक व ठेकेदार